हळदीची निर्यात खळ्यावरच अडते

महोदय,

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. त्यातून हळदीची चक्की उभी राहते, पण माल परदेशी जाईलच असे नाही. युरोपीय संघात हळदीत अफ्लाटॉक्सिन बी-1 किलोला 5 आणि एकूण अफ्लाटॉक्सिन 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हे विष तयार करणारी बुरशी चक्कीच्या आधीच, खळ्यावर धरते. शिजवलेली हळद मातीवर जाड थराने पसरली, रात्री दवात उघडी राहिली, की गाभ्यात ओल उरते. हळकुंड मोडताना कडक आवाज यायला हवा. वाकले तर ते पोत्यात भरूच नये. दळल्यावर काहीही करून हे विष जात नाही. म्हणून सिमेंटचे खळे, ताडपत्री आणि ओलावामापकाला अनुदानात अग्रक्रम हवा.

नव्या लघुनिर्यातदारांना नोंदणी, विमा हप्ता आणि चाचणीचा खर्च परत देणारी केंद्राची योजना आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र पैसे आधी खिशातून जातात. बचत गटाला ते झेपत नाही. चाचणीचे शुल्क सरकारने थेट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्यावे.

आणखी एक: आयात-निर्यात क्रमांकाची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. बदल नसला तरी. विसरल्यास क्रमांक बंद पडतो आणि भरलेला कंटेनर जागीच थांबतो. जिल्हा उद्योग केंद्रांनी मार्चमध्येच तसा संदेश पाठवावा.

– एक हळद प्रक्रियादार, सांगली