यंदाच्या पेरणीपूर्वी

नाशिक,
दि. 14 मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फेब्रुवारीत मी घरी आले होते तेव्हा, बाबा, तुम्ही ऐन उन्हाच्या वेळी कांद्याच्या बियाण्यासाठी राखलेल्या डोंगळ्यांच्या वाफ्यांतून वाकून फिरत होतात आणि एकेका गोंड्यावरून दोन्ही हातांचे तळवे हळुवार फिरवत होतात. मी कारण विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माश्या येत नाहीत, मग आता हे काम आपणच करायचे." गुडघ्याचे दुखणे घेऊन तुम्ही मधमाशीचे काम करत होतात, हे दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही. म्हणूनच मृगाच्या आधी हे पत्र लिहिते आहे.

विषय खरिपाच्या बियाण्याचा आहे. दुकानातून आपण मक्याची जी गुलाबी-लाल बियाण्याची पिशवी आणतो, त्यातील बियाण्यावर बहुतेक वेळा बुरशीनाशकासोबत कीटकनाशकाचाही लेप असतो. थायमेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड ही नावे तुम्ही वाचली असतील. दोन्ही निओनिकोटिनॉइड गटातील औषधे आहेत. ती आंतरप्रवाही असल्याने रोपाच्या रसात उतरतात, आणि पुढे तुऱ्याच्या परागापर्यंतही त्यांचा अंश पोहोचू शकतो. मात्र बियाण्यावर लावलेल्या औषधापैकी साधारण 2 ते 20 टक्केच पिकात जाते. उरलेले मातीत राहते, तेथे महिनोन्‌महिने टिकू शकते आणि पाण्यात विरघळणारे असल्याने पावसाबरोबर ओढ्या-नाल्यांत उतरते. आपल्या शिवाराचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते, आणि ज्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाली, ती तरी आपल्यापासून किती दूर आहे?

मधमाश्या कमी होण्याला एकटे बियाणे कारणीभूत आहे, असे मी म्हणणार नाही. फुलोऱ्यातील फवारण्या आणि तोडलेले बांध हेही त्यात आले. पण युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर थांबवला, तो मधमाश्यांसाठीच. कॅनडातील क्विबेक प्रांताची पद्धत मला अधिक पटली. तेथे 84 शेतांवर केलेल्या अभ्यासात मका व सोयाबीनसाठी अशा लेपाची गरज 5 टक्क्यांहून कमी ठिकाणी आढळली, आणि 2019 पासून कृषितज्ज्ञाने लेखी कारण दिल्याशिवाय असे बियाणे वापरता येत नाही. आपल्याकडील किडी वेगळ्या आहेत, खोडमाशी आणि लष्करी अळी खऱ्या आहेत, हे मला मान्य आहे. तेथील आकडे जसेच्या तसे आपल्या शेताला लावू नयेत. परंतु दुखणे आहे की नाही हे पाहण्याआधीच दरवर्षी सर्व शेताला औषध पाजायचे, ही रीत मात्र आपण सोडावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

सोयाबीनपासून सुरुवात करणे सोपे आहे. ते स्वपरागित पीक, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, असल्याने घरचे बियाणे दोन-तीन वर्षे सहज चालते. ओसरीतील पोती उंचावरून आदळू देऊ नका, कारण त्याचे साल फार नाजूक असते. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 किंवा अधिक उगवले तर निश्चिंतपणे पेरा, त्याहून थोडे कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. पेरणीच्या दिवशी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी आणि 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम हे मुळांना नत्र देणारे जिवाणूखत चोळून सावलीत सुकवू. दुकानदार सोबत रासायनिक बुरशीनाशक घ्या म्हणेल, पण ते त्यातच मिसळले तर रायझोबियमचे जिवाणू मरतात. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पाभर काढू नका. दुबार पेरणी बहुधा घाईमुळेच ओढवते.

मक्याचे तसे नाही. संकरित वाणाचे बियाणे विकतच घ्यावे लागते आणि लेपाविना मिळणे कठीण आहे. गेल्या वर्षी मी आपल्या दुकानदाराकडे मागितले, तर त्याने माझ्याशी बोलणेही टाळले. यंदा तुम्ही आधीच मागणी नोंदवून ठेवा. मिळाले तर अर्धा एकरच करून पाहू. लेपाचा उपयोग सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असतो, तेवढे दिवस आपण पोंगे, म्हणजे रोपाच्या शेंड्यातील कोवळी गुंडाळलेली पाने, तपासायचे, एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावायचे आणि अंडी वा बारीक अळी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारायचा. बांधावरच्या कडुलिंबाच्या निंबोळ्या गोळा करून वाळवल्या, तर त्यासाठी विकत काही आणावे लागणार नाही.

आई, तुझ्याकडे माझे वेगळे मागणे आहे. गेल्या वर्षी मका टोबताना तुझी बोटे गुलाबी झाली होती आणि केवळ पाण्याने हात धुऊन तू भाकरी खाल्लीस. लेपाचे बियाणे वापरावेच लागले तर हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नकोस आणि साबणाने हात धुतल्याशिवाय जेवू नकोस. उरलेले बी धुऊन कोंबड्यांना घालण्याची सवय आता पूर्ण बंद कर; खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये, असे पिशवीवरच छापलेले असते. त्या रिकाम्या पिशव्यांत तू डाळ भरून ठेवतेस, ती डाळ आजच बाहेर काढ. सांडलेले दाणे मातीआड करावेत, कारण तितर आणि चिमण्या ते टिपतात.

मृगाच्या आधीच्या शनिवारी मी येते आहे. ट्रायकोडर्मा, रायझोबियम आणि हातमोज्यांचे दोन जोड सोबत आणीन. तोवर बाबांनी उगवण तपासून किती दाणे उगवले ते फोनवर कळवावे, म्हणजे बियाणे किती लागेल याचा हिशेब मी करून ठेवीन. डोंगळ्यांच्या वाफ्यांभोवती यंदा कोथिंबीर आणि मोहरी फुलोऱ्यासाठी राखावी असेही मनात आहे. त्याबद्दल प्रत्यक्ष बोलू.

कळावे,
तुमची मुलगी