पाहुण्या मल्लाला त्याचा डाव खेळू द्यावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच व्हिडिओ गेमविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या कंपन्यांच्या मारामारीच्या गेममधली पात्रे एकाच पडद्यावर आणणाऱ्या 'क्रॉसओव्हर' गेममध्ये ओळखीच्या चेहऱ्यांची जत्रा भरवण्यापलीकडे काही नसते, असा त्या लेखाचा सूर होता. कोणत्या गेममध्ये किती पात्रे आहेत, चित्रे किती देखणी आहेत, किंमत किती आहे, हे सगळे त्यात आले. पण ती पात्रे एकमेकांशी लढतात ती कोणाच्या रीतीने, याबद्दल एक ओळही नव्हती. या गेमचा सगळा जीव त्या एका प्रश्नात असतो, म्हणून हे पत्र.

मारामारीचे सगळे गेम बाहेरून सारखेच दिसतात, पण प्रत्येक घराण्याची चाल वेगळी आहे. 'स्ट्रीट फायटर'मध्ये हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन ठोसे आणि तीन लाथा, मिळून सहा बटणे. तिथे कस लागतो तो अंतर राखण्याचा, म्हणजे आगीचा गोळा फेकून समोरच्याला उडी मारायला भाग पाडायचे आणि तो हवेत असतानाच त्याला झोडपायचे. 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये चारच बटणे, पण धावता येते, छोटी उडी घेता येते, कोलांटी मारून गोळ्याच्या पलीकडे निघता येते, त्यामुळे अंतर राखून बसणाऱ्याची तिथे डाळ शिजत नाही. 'टेकन'मध्ये प्रत्येक बटण म्हणजे एक हात किंवा एक पाय, आणि खेळाडूला बाजूला पाऊल टाकता येते. सरळ रेषेत येणाऱ्या गोळ्याला तिथे कोण भीक घालणार? आता या तिघांना एका आखाड्यात उतरवायचे, तर आखाडा कोणाचा आणि नियम कोणाचे?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो साताऱ्यातच. साधारण १९९८-९९ च्या सुमारास एस.टी. स्टँडजवळच्या एका गल्लीत गेम पार्लर होते आणि तिथल्या चारपैकी दोन मशीनवर 'किंग ऑफ फायटर्स ९७' चालत असे. जॉयस्टिकच्या दांड्याचा लाल गोळा केव्हाच निघून गेलेला होता. त्या जागी मालकाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, आणि उन्हाळ्यात त्याचा काळा रंग तळहाताला लागत असे. पडद्याच्या काचेखालच्या कडेला ज्याचा रुपया ठेवलेला असेल त्याचा पुढचा नंबर, हा तिथला अलिखित कायदा. त्या गेममध्ये पात्रे निवडण्याआधी दोन पद्धतींपैकी एक निवडावी लागे. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये कोलांटी, धाव आणि मारता मारता भरणारी शक्तीची पट्टी. 'एक्स्ट्रा'मध्ये जागच्या जागी अंग चोरून वार चुकवणे आणि बटणे दाबून धरून पट्टी स्वतः भरणे. आम्ही सगळे डोळे मिटून 'ॲडव्हान्स्ड' घेत असू. एक मुलगा मात्र नेहमी 'एक्स्ट्रा' घ्यायचा. आम्ही त्याला हसायचो आणि तो आम्हाला हरवायचा. त्याच पात्रांनिशी, त्याच मशीनवर, तो जणू वेगळाच गेम खेळत असे.

'किंग ऑफ फायटर्स' ही मालिका मुळात क्रॉसओव्हरच आहे. १९९४ साली एसएनके कंपनीने आपल्याच 'फेटल फ्युरी', 'आर्ट ऑफ फायटिंग' आणि आणखी काही गेममधल्या मंडळींना एकत्र आणून तिघांचे संघ केले. 'फेटल फ्युरी'त मागच्या आणि पुढच्या अशा दोन रांगांत लढाई चालत असे. एकत्र येताना ती पद्धत सोडून द्यावी लागली. म्हणजे घरातल्या घरात सोयरीक करतानासुद्धा कोणाला तरी आपली रीत उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली.

या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर २००१ च्या 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके २'मध्ये आहे. कॅपकॉम ही 'स्ट्रीट फायटर'ची कंपनी. पात्र निवडण्याबरोबर खेळाडूने सहा 'ग्रूव्ह'पैकी एक निवडायचा. त्यांची नावे सी, ए, पी आणि एस, एन, के, म्हणजे दोन कंपन्यांच्या नावांतलीच अक्षरे. प्रत्येक ग्रूव्ह हा एकेका जुन्या गेमचा स्वभाव आहे. 'पी' घेतला तर 'स्ट्रीट फायटर ३'प्रमाणे येणाऱ्या वाराच्या दिशेने ऐन क्षणी दांडा ढकलून तो वार झिडकारता येतो. 'के' घेतला तर मार खाल्ल्याने संतापाची पट्टी भरते आणि अगदी शेवटच्या क्षणी अडवलेला वार थोडा जीव परत देतो. यातला संताप एसएनकेच्याच 'सामुराय शोडाउन' या गेमचा आणि ते अडवणे त्यांच्याच 'गारू'चे. 'एस' आणि 'एन' हे तर आमच्या पार्लरमधल्या 'एक्स्ट्रा' आणि 'ॲडव्हान्स्ड'चेच भाऊबंद. महत्त्वाची गोष्ट अशी की ग्रूव्ह पात्राला चिकटलेला नसतो. एसएनकेच्या 'फेटल फ्युरी'चा टेरी कॅपकॉमच्या रीतीने लढू शकतो आणि कॅपकॉमचा र्यू संताप गिळत एसएनकेच्या रीतीने. शिवाय चार गुण एक ते तीन पात्रांमध्ये वाटून घ्यायचे असल्याने, एकटाच बलदंड गडी विरुद्ध तीन किरकोळ गडी अशी जोडही लागते.

हा गेम निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. कोलांटी असलेल्या तीन ग्रूव्हमध्ये एक चूक राहून गेली, जिच्यामुळे कोलांटी सुरू होताच दुसरा डाव टाकला तर त्या डावाला कोलांटीचे चिलखत आपोआप मिळते. मुरलेल्या खेळाडूंनी त्या चुकीचाच डाव बनवला. 'एस' ग्रूव्ह तर स्पर्धांत फारसा कोणी घेत नाही. सहा रीती एका ताटात वाढल्या की सहाही सारख्या उतरतील, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तरीही कोणालाही आपली रीत दाराबाहेर सोडून आत यावे लागले नाही, हे त्या गेमचे मोठेपण मला आजही वाटते.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात आणि ती अंतिम लढत गादीवर होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही स्पर्धा साताऱ्यात झाली तेव्हा मी गर्दीत उभा होतो. मातीतला गडी गादीवर आला की त्याचे पाय वेगळे पडतात, हे लांबूनही कळते: मातीत पाय रुततो, पकड धरून वेळ काढता येतो आणि निकाल चितपटीवर लागतो, गादीवर घड्याळ आणि गुण यांचे राज्य. त्या दिवशी गादी विभागातून आलेला मल्ल एका गुणाने जिंकला. मातीवर तीच कुस्ती कशी झाली असती, यावर घरी परतताना आमच्यात बराच वाद झाला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नसताना सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. परक्या आखाड्यात उतरणे म्हणजे काय, हे यापेक्षा नेमके सांगणारे उदाहरण मला तरी सुचत नाही. ते परक्या नियमांनी लढले, पण मातीत कमावलेले अंग आणि चपळाई बरोबर घेऊनच.

या कसोटीवर २०१२ चा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' लावून पाहावा. दोघांच्या जोडीतला एक पडला की फेरी संपली, हा 'टेकन'च्या जोडीच्या गेममधला नियम त्यात घेतला होता, ही एक चांगली गोष्ट. पण बाजूला पाऊल टाकणे गेले आणि 'टेकन'ची मंडळी सहा बटणांच्या सपाट आखाड्यात आली. वर ताकद वाढवणारी रत्ने लढतीआधीच अंगावर चढवायची सोय केली, ज्याची दोन्ही घराण्यांत कोणी मागणी केलेली नव्हती. याची परतफेड म्हणून 'टेकन'च्या नियमांनी चालणारा दुसरा गेम निघणार, असे २०१० मध्येच जाहीर झाले होते. तो निघालाच नाही. पाहुणचार एकाच बाजूने झाला.

'टेकन ७'ने याच्या नेमके उलट केले. त्यात आलेला 'स्ट्रीट फायटर'मधला अकुमा आपली शक्तीची पट्टी, आपले गोळे आणि आपली उंच उडी घेऊनच त्रिमितीय आखाड्यात उतरला. समोरचा बाजूला सरकून त्याचा गोळा चुकवू शकतो. अकुमा मात्र एका डावातून दुसऱ्या डावात अशा तऱ्हेने शिरतो की जुन्या 'टेकन'वाल्यांना तसला हिशोब कधी करावाच लागला नव्हता. अनेक जण यावर चिडले. एका पात्रासाठी आम्ही दुसरा गेम का शिकायचा, ही त्यांची तक्रार खोटी नाही, आणि पुढच्या 'टेकन ८'मध्ये अकुमा दिसला नाही. माझे मत मात्र अकुमाच्याच बाजूने आहे. पाहुणा आल्यावर घरातल्यांना थोडे सरकून बसावे लागले नाही, तर पाहुणा आला असे कसे म्हणायचे?

निव्वळ पात्रांच्या संख्येवर भाळणाऱ्यांनी 'मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम २' हा २००० सालचा गेम अवश्य पाहावा. छप्पन पात्रे, तिघातिघांचे संघ, आणि मार्व्हलच्या आधीच्या गेममधून आलेली आभाळाला भिडणारी उडी सगळ्यांना बहाल केलेली. परिणाम असा की स्पर्धांत वर्षानुवर्षे मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल आणि केबल या चौघांचेच राज्य राहिले, आणि चौघेही मार्व्हलचे. कॅपकॉमच्या घरचा कॅप्टन कमांडो बहुतेक वेळा मधेच हाक मारून बोलावण्यापुरता. गेम बेफाम मजेदार आहे, मीही त्यावर पुष्कळ वेळ घालवला आहे. पण ज्याची उडी त्याचे रान, असा हा प्रकार.

निन्टेंडोच्या 'स्मॅश ब्रदर्स'मध्ये जीवाची पट्टीच नाही, समोरच्याला मैदानाबाहेर फेकायचे असते. तिथे र्यू २०१५ मध्ये आला तो दांडा फिरवून डाव टाकण्याची आपली जुनी सवय घेऊन, आणि तसा टाकलेला डाव नुसत्या बटणाने टाकलेल्या डावापेक्षा जोरात लागतो. परक्या मुलखात आपली बोली जपणाऱ्याला यजमानाने दिलेले हे बक्षीसच म्हणायचे. याउलट २०२४ मध्ये 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये टेरी आणि २०२५ मध्ये नव्या 'फेटल फ्युरी'त 'स्ट्रीट फायटर'चे केन आणि चुन-ली गेले, ते यजमानाचे नियम पुरते अंगी लावून, आणि तरी ते उपरे वाटत नाहीत. याचे कारण जुने आहे. १९८७ चा पहिला 'स्ट्रीट फायटर' आणि १९९१ चा 'फेटल फ्युरी' या दोन्हींमागे ताकाशी निशियामा हा एकच माणूस होता. तो कॅपकॉम सोडून एसएनकेत गेला. एकाच वस्तादाने दोन तालमी चालवल्यावर त्यांतले पठ्ठे एकमेकांना परके कसे वाटतील?

गेल्या वर्षी 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके २' नव्या संग्रहातून पुन्हा विक्रीला आला आणि माझ्या भाच्याने तो घेतला. पहिल्या दिवशी त्याने मला विचारले, "मामा, यातली सगळ्यात भारी पात्रं कुठली?" दुसऱ्या आठवड्यात त्याचा प्रश्न बदलला होता: "हिच्याबरोबर कुठला ग्रूव्ह बसेल?" तो 'ए' घेतो, मी हट्टाने 'एस' घेतो, आणि दहापैकी आठ वेळा हरतो.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा गेमची परीक्षणे येतील तेव्हा पात्रांची संख्या जरूर द्यावी, पण तिच्या शेजारी बाहेरून आलेले पात्र आपली कोणती रीत बरोबर घेऊन आले आणि यजमान गेमने तिला कोठे जागा दिली, हेही दोन ओळींत नोंदवावे, अशी विनंती आहे. लेखकाला त्यासाठी प्रत्येक गेम अर्धा तास हातात धरावा लागेल, इतकेच.

आपला,
एक जुना वाचक, सातारा