बाटलीवरचा लाल त्रिकोण मजुराला कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार. कपाशीवर फवारणी चालू झाली म्हणून लिहितोय. औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, पण आमच्याकडे येणाऱ्या पावरा आदिवासी मजुरांना हे कोणी सांगतच नाही आणि सोबतचा कागद इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. मागच्या हप्त्यात आमच्याच शेतात एक पोरगा बूच दाताने उघडत होता, धावत जाऊन बाटली घेतली, लेबल ओलं होऊन निम्मं निघालेलं. २०१७ ला यवतमाळात फवारणीने माणसं गेली, तेव्हाही बाटल्यांवर त्रिकोण होताच ना? दुकानदाराने दोन शब्द अहिराणीत, पावरीत सांगावेत, हातमोजे-मास्क मालकाने आणावेत. मी यंदा आणलेत.

– एक शेतकरी, चोपडा