मापाच्या वहीसाठी, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा दुकानात तुमचे आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "बाई, बॉबिन संपलीय, जरा थांबा." तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि राहूनच गेलं. म्हणून लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण या घटकेलाही कोणीतरी वजनकाट्यावरून उतरून, कालचाच आकडा पाहून, डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली असेल. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते तिलाही कळायला हवं.

मागच्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, मी रक्त तपासून घेतलं. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आईचा पाय साखरेनं गेला, ते तुम्ही पाहिलंय. तिचे शेवटचे दोन ब्लाउज तुम्हीच घरी येऊन, ती पलंगावर असताना माप घेऊन शिवलेत. त्यामुळे तो कागद हातात आल्यावर मला काय वाटलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वय सत्तेचाळीस, वजन ८४.२ किलो.

मी कामाला लागले. रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, रोज पहाटे पर्वती. १०३ पायऱ्या सुरुवातीला तीनदा थांबून चढायचे, श्रावणापर्यंत एका दमात चढू लागले. पाच महिन्यांत काटा ७६.८ वर आला. पहिल्या पंधरवड्यातच तीन किलो गेले होते आणि मला वाटलं, हे असंच चालणार. त्यातलं बरंचसं पाणी होतं, हे नंतर समजलं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा उतरतो.

आणि मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला. ७६.८. कधी ७७.१, कधी ७६.६, फिरून ७६.८. एक आठवडा नाही, दोन नाही, अकरा आठवडे.

मी गणित शिकवते, ताई. कपाटाच्या दाराला आतून आलेख लावला होता, रोज सकाळी एक टिंब. ती टिंबं एका आडव्या रेषेत जाऊ लागली तेव्हा मी दिवसातून दोनदा वजन करायला लागले. जेवण आणखी कमी केलं. वर्गात फळ्याकडे वळले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरी मुलावर विनाकारण ओरडायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी ना कोणी म्हणायचंच, "थांबलं वाटतं तुमचं?" चांगल्या मनानंच विचारत होत्या सगळ्या, पण मी एकेका घरी जायचं टाळू लागले.

रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत तो निळा खणाचा ब्लाउज होता. दिवाळीत तुम्हीच आवळून दिलेला. मी म्हटलं, दोन्ही बाजूंची माया सोडा, परत सैल करून ठेवा. तुम्ही विचारलंत, "का हो?" मी म्हटलं, वजन आता वाढणारच आहे, आधीच करून ठेवलेलं बरं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. गळ्यातला टेप काढलात, म्हणालात, "हात वर करा." माझ्या भोवती टेप फिरवलात, दोन बोटं आत घालून बघितलीत, मग कानावरची पेन्सिल काढून ती तेलकट पुठ्ठ्याची वही उघडलीत. माझं पान तुम्हाला न शोधता सापडलं. जून : छाती ४२, कंबर ३८. नोव्हेंबर : छाती ४०, कंबर साडेपस्तीस. त्याखाली तुम्ही तारीख टाकून लिहिलंत : छाती साडेएकोणचाळीस, कंबर साडेचौतीस. वही माझ्याकडे फिरवलीत आणि त्या शेवटच्या आकड्याखाली नखानं रेघ ओढलीत.

"बाई, याची माया सोडायची कशाला? एक इंच आत घ्यावा लागेल."

त्या दिवशी सकाळी माझा काटा ७६.८ दाखवत होता. नोव्हेंबरातही ७६.८. आणि तुमच्या वहीत पूर्ण एक इंच. मी तुमच्या त्या स्टुलावर बसून रडले. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे ठेवलात आणि हुक लावत बसलात. 'रडू नका' म्हणाला नाहीत, 'बारीक झालात हो' असंही म्हणाला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार. कौतुकाचं तेव्हा मला ओझं झालं असतं.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. लपूनछपून जेवण कमी करत होते ते सगळं सांगितलं. त्यांनी मला ज्या गोष्टी समजावल्या त्या ऐकण्याच्या अवस्थेत मला तुमच्या वहीनंच आणून ठेवलं होतं. शहात्तर किलोचं शरीर चालवायला चौऱ्याऐंशी किलोच्या शरीराएवढा खर्च येत नाही. शिवाय चरबी घटली की लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं, भूक वाढते आणि शरीर हात आखडतं. आपण नकळत कमी हलतो, जास्त वेळ बसून राहतो. म्हणजे जूनमध्ये ज्या ताटानं वजन उतरत होतं, त्याच ताटात नोव्हेंबरला जमा-खर्च सारखा झाला होता. यात माझ्या मनाच्या दुबळेपणाचा प्रश्नच नव्हता. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते अकरा आठवडे मी स्वतःला इतकं टाकून बोलले नसते.

आणखी एक. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच ध्येय होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. माझे सात टक्के म्हणजे ५.९ किलो. ते मी कधीच ओलांडले होते! ज्या आकड्यापाशी थांबले म्हणून मी रडत होते, त्या आकड्यानंच माझं निम्म्याहून जास्त काम केलेलं होतं.

काट्याला सगळं कळत नाही हे तर आपल्या पुण्यातूनच जगाला कळलं, तुमच्या दुकानापासून फार लांब नाही, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांची चरबी पोटाकडे साठते, ती काट्यावर दिसत नाही. टेपवर दिसते. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात, म्हणजे तुमच्या भाषेत साडेएकतीस. मला अजून पल्ला आहे.

मग मी आठवडाभर पोटात गेलेलं सगळं लिहून काढलं. तुमच्यासारखंच, तारीख घालून. पोह्यांसाठी भाजलेले दाणे येता-जाता तोंडात टाकायचे. मूठभर दाणे म्हणजे तीसेक ग्रॅम, जवळजवळ १७० कॅलरी. स्टाफरूममधल्या चहात साखर कधी परत आली तेच कळलं नव्हतं. तेल मात्र मोजल्यावर धक्का बसला. आता महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढते आणि ते संपलं की संपलं. उपाशी राहणं सोडलं. डब्यात मटकीची उसळ किंवा दोन अंडी असतात, आठवड्यातून दोन दिवस डंबेल उचलते. वजन फक्त शनिवारी करते, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमच्याकडे येते.

एप्रिलमध्ये मात्र टेपही थांबला. सलग दोन महिने साडेतेहेतीस. मी काही बोलले नाही, पण तुम्ही चेहरा पाहिलात. कोपऱ्यातल्या बादलीत कोणाच्या तरी ब्लाउजचं अस्तर भिजत पडलं होतं. ते पिळून दोरीवर टाकत तुम्ही म्हणालात, "आटायचं तेवढं आटू द्यावं लागतं. घाईनं तसंच कापलं, तर चार धुण्यांत अंगाला चढत नाही. आटून थांबलं की मग त्याचं माप खरं."

शरीर म्हणजे कापड नव्हे, हे मला कळतं. पण त्या वाक्यानं मला उन्हाळा काढून दिला. थांबलेले ते दोन महिने मी वाया गेलेले दिवस मानले नाहीत. रोज पर्वती चढले, बरणीतलं तेल बरणीतच राहू दिलं आणि मेमध्ये भाचीच्या लग्नात पंगतीला बसून दोन पुरणपोळ्या तुपाशी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पायऱ्यांवर होते. जूनमध्ये रक्त तपासलं : ५.८. जुलैत टेप पुन्हा सरकला, पाव इंच.

आज माझं वजन ७३.६ आहे आणि गेले पाच आठवडे ते तिथंच आहे. म्हणजे मी हे पत्र पुन्हा थांबलेली असतानाच लिहिते आहे. कपाटाच्या दाराचा आलेख मी काढला नाही. टिंबं आठवड्याला एक पडतात. त्याच्या शेजारी तुमच्या वहीतले आकडे उतरवून लावलेत, जूनपासूनचे, तुमच्याच पद्धतीनं : साडे, पाऊण, पाव.

तुमच्याकडे रोज किती बायका मापाला उभ्या राहतात. टेप फिरवताना कोणाच्या अंगाबद्दल तुमच्या तोंडून वावगा शब्द गेलेला मी पंधरा वर्षांत ऐकला नाही. आईच्या वेळीही नाही, माझ्याही वेळी नाही. त्या पडद्याआड माणूस किती उघडं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते जपता. डॉक्टरांचे आभार मी मानले, मिठाई नेऊन दिली. तुम्हाला मात्र नेहमी शिलाईचेच पैसे दिले. वर एक इंच दाखवल्याचं काय देऊ, हे मला ठरवता येत नाही.

येत्या पहिल्या शनिवारी येते आहे. आईची मोरपंखी पैठणी काढली आहे, तिच्यावरचा ब्लाउज शिवायला टाकायचा आहे. अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणते. तिचं माप आणि माझं माप वहीत एकाच पानावर लिहाल का?

तुमची,
तुमच्या लेकीच्या सातवीच्या बाई