मोफत कामाचे तास कुठे धरता?

महोदय,

मोठ्या लॉ फर्मच्या वार्षिक अहवालात समाजसेवेचे फोटो ठळक असतात. खरे काय ते टाइमशीटवर कळते. तिथे दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात आणि बिल होणाऱ्या तासांवर बोनस ठरतो. गरजू भाडेकरूच्या दाव्यासाठी दिलेले तास त्या कोट्यात धरले नाहीत, तर ज्युनियर ते काम रात्री अकरानंतर उरकतो आणि दोन तारखांनंतर फाइल दुसऱ्याच्या गळ्यात मारली जाते. भुर्दंड पक्षकाराला. अमेरिकन बार असोसिएशनचा (तिथल्या वकिलांची संघटना) नमुना नियम 6.1 वकिलाकडून वर्षाला किमान 50 तास मोफत सेवेची अपेक्षा ठेवतो, सक्ती नाही. म्हणून फर्मनेच हे तास बिलाच्या तासांइतके धरावेत आणि प्रत्येक फाइलवर एक पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार वकील, नेमावा (सहीपुरता नव्हे).

फर्ममध्ये स्त्रिया आणि अल्पसंख्याक वकील असावेत, या विविधतेचेही तेच. गळती भरतीत कमी, काम वाटताना जास्त. पार्टनर ओळखीच्या, हाताशी असलेल्या ज्युनियरलाच उलटतपासणीची तयारी देतो. दुसरीच्या वाट्याला महिनोन्महिने कागदपत्रे चाळणे येते. बढतीच्या वेळी तिच्यावर शेरा: ‘अनुभव कमी’. 2017 साली अमेरिकेत सुरू झालेल्या मॅन्सफील्ड नियमाने (फर्मसाठीचा ऐच्छिक उपक्रम) नेतृत्वपदांसाठी विचारात घेतलेल्यांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक वकील किमान 30 टक्के असावेत, अशी अट घातली. ठीकच आहे. पण कोणाला कोणते काम मिळाले, याची नोंद दरमहा कोणी पाहत नसेल, तर बढतीची यादी निघेपर्यंत ती ज्युनियर फर्म सोडून गेलेली असते.

— एक वाचक