गाण्याशिवाय नृत्य नसते, हे कोणी ठरवले?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय नृत्यदिनानिमित्त आपल्या कालच्या रविवार पुरवणीत आधुनिक नृत्याच्या इतिहासावर पानभर लेख आला आहे. एरवी त्या पानावर राशिभविष्य आणि पाककृती असतात. त्यामुळे तिथे अमेरिकन नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम यांचे नाव पाहून आधी आनंदच झाला, पण तो तिसऱ्या परिच्छेदापलीकडे टिकला नाही.

अमेरिकन नर्तिका इझाडोरा डंकन यांच्या १९२७ मधील मृत्यूचे वर्णन, म्हणजे ती लांब ओढणी, ते मोटारीचे चाक आणि नीस शहरातला तो रस्ता, लेखकाने इतके रंगवले आहे की बाईंनी जिवंतपणी काय केले हे सांगायला जागाच उरलेली नाही. बॅलेचे बूट टाकून त्या अनवाणी, सैल झग्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि लोक मैफलीत बसून ऐकत असत त्या शोपँ या संगीतकाराच्या रचनांवर नाचल्या, हे एका ओळीत तरी यायला हवे होते. अमेरिकन नर्तिका रुथ सेंट डेनिस यांनी 'भारतीय नृत्याचा सखोल अभ्यास करून' 'राधा' हे नृत्य बसवले, असेही लेखात ठामपणे म्हटले आहे. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये ही राधा नाचली तेव्हा बाईंनी भारत पाहिलेलाही नव्हता. पूर्वेकडची त्यांची ओढ सुरू झाली ती सिगारेटच्या जाहिरातीतील एका इजिप्शियन देवीच्या चित्रापासून, आणि राधेला साथ होती देलिब या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेरातील सुरांची. त्यांची मंडळी भारतात आली ती पुढे १९२५-२६ च्या दौऱ्यात. यात त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी आणि नर्तक टेड शॉन यांनी १९१५ मध्ये काढलेल्या डेनिशॉन या शाळेतूनच ग्रॅहम, डोरिस हम्फ्री आणि चार्ल्स वाइडमन बाहेर पडले, आणि गुरूंचा तो पौर्वात्य थाट मागे टाकूनच त्यांनी आपापली वाट काढली. सखोल अभ्यासाची गरज कोणाला होती, हे मी वेगळे लिहीत नाही.

तरीही हे पत्र मी लिहिले नसते. लिहावेसे वाटले ते जाड ठशात छापलेल्या एका वाक्यामुळे: 'गाण्याच्या बोलांना शरीरातून दिलेले रूप म्हणजेच आधुनिक नृत्य.' जर्मनीत नर्तिका मेरी विगमन यांनी १९२६ मध्ये 'हेक्सेनटान्झ' (चेटकिणीचे नृत्य) केले ते चेहऱ्यावर मुखवटा चढवून, बराचसा वेळ जमिनीवर बसून आणि केवळ तालवाद्यांच्या साथीने. डोरिस हम्फ्री यांच्या १९२८ च्या 'वॉटर स्टडी'ला तर संगीतच नाही. नर्तकींचा श्वास हीच तिची लय. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज तर संगीत आणि नृत्य एकमेकांपासून स्वतंत्रपणे रचत, आणि कित्येकदा नर्तकांना संगीत प्रथम ऐकू येई ते थेट पहिल्या प्रयोगात. ज्यांनी आयुष्यभर नृत्याला गाण्याच्या पदरापासून सोडवण्याची धडपड केली, त्यांनाच आपण पुन्हा त्या पदराला बांधून दिलेत.

या वाक्याचा मला एवढा राग येण्याचे कारण जुने आहे. शाळेत नोकरीला असताना एका आंतरशालेय समूहनृत्य स्पर्धेसाठी मी मुलींचा एक नाच बसवला होता. नर्तक उदय शंकर यांच्या 'लेबर अँड मशिनरी' या नृत्यरचनेविषयी मी वाचले होते. माणसे राबता राबता यंत्राचे भाग होतात ही त्यातली कल्पना, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सोलापूरच्या पूर्व भागातल्या, ज्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ यंत्रमागाचा आवाज. मग दुसरा विषय शोधायचा कशाला? दोन रांगांतल्या मुली म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे, आळीपाळीने वर-खाली होणारा, आणि मधून या टोकाकडून त्या टोकाला जाणारी एक चपळ मुलगी म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा. तालासाठी विंगेत दोघी लाकडी पट्ट्या घेऊन उभ्या. पहिल्या तालमीत मी धोटा संथपणे, डौलात नेला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, धोटा असा जात नाही, तो फेकल्यासारखा जातो." तिने तो फेकल्यासारखा जाऊन दाखवला आणि तेव्हापासून नाच तिच्याच मापाने बसत गेला. शेवटी ताण्यातला एक धागा तुटतो, माग थांबतो, सगळे गप्प होते, आणि एक मुलगी पुढे येऊन चिमटीत धागा धरून गाठ मारते. ती गाठ कशी मारायची हेही मला त्यांनीच शिकवले.

स्पर्धेच्या अर्जात 'गाण्याचे नाव व चित्रपट' असा रकाना होता. मी 'नाही' असे लिहिले, तर टेबलावरच्या स्वयंसेवकाला वाटले की कॅसेट घरी राहिली. गटही तीनच होते: शास्त्रीय, लोकनृत्य आणि चित्रपटगीत. आम्हाला लोकनृत्यात ढकलण्यात आले. नाच झाल्यावर परीक्षकांपैकी एक गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "बाई, कवायत फार सुरेख बसवली आहे. नृत्यही बसवले असते तर बरे झाले असते." पहिले पारितोषिक धुराच्या यंत्रासह सादर झालेल्या एका चित्रपटगीताला मिळाले आणि आमच्या मुलींना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, तेही शाळेचे नाव चुकवून. तुमचे ते जाड ठशातले वाक्य त्या परीक्षकांच्या तोंडी अगदी शोभले असते.

आता लेखाच्या अखेरीस भारताच्या वाट्याला आलेल्या दोन ओळींविषयी. 'आपल्याकडे आधुनिक नृत्य रुजवले ते दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी.' उदय शंकर लंडनला चित्रकला शिकायला गेले आणि १९२३ साली रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा यांच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नृत्यात उभे राहिले. पुढे अल्मोड्याच्या आपल्या केंद्रात त्यांनी कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै आणि संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ यांना एकत्र आणले. गुरुदत्त तिथलेच विद्यार्थी. विगमन यांच्या ड्रेस्डेनच्या शाळेत शिकून आलेल्या जोहरा सहगल तिथेच शिकवत होत्या. अल्मोड्याहून निघालेले नर्तक शांती बर्धन यांनी मुंबईत १९५२ मध्ये लिट्ल बॅले ट्रूप ही संस्था काढून रामायण कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींत बसवले. आपल्या महाराष्ट्रात, वाडा या गावी जन्मलेल्या नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांनी १९८५ मध्ये 'अंगिका' हे नृत्य केले. दूरचित्रवाणीवरील स्पर्धा तेव्हा कुठे होत्या, हे लेखकमहाशयांनी कृपया कळवावे.

जाता जाता एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'आधुनिक नृत्यातील एक मुद्रा' एवढेच छापले आहे. बाकावर बसून, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत अंग कोंडून घेतलेली ती बाई म्हणजे ग्रॅहम यांचे १९३० चे 'लॅमेंटेशन' आहे. रचना त्यांची, नाव मात्र कोणाचेच नाही. स्थानिक बातम्यांतही आपली हीच रीत आहे. स्नेहसंमेलनाच्या वृत्तात प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि आभार मानणारे यांची नावे एकही न गाळता येतात; नाच कोणी बसवला, हे कुठेच नसते. महिनाभर शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून घेणाऱ्या बाईंपेक्षा आभारप्रदर्शन महत्त्वाचे असेल, तर तसे एकदा जाहीर करावे.

निदान छायाचित्राखालची ओळ आणि जाड ठशातले ते वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावे, ही विनंती. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचेच झाले तर माझ्या स्पर्धेची हकिकत कापावी, उदय शंकरांचा परिच्छेद ठेवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर