कुंदेस, माईंच्या पेटीबद्दल

प्रिय कुंदे,

गणपतीनंतर तुला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र आधी पूर्ण वाच. घरी सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसाच, यांची साखर आटोक्यात. काळजी आहे ती माईंची, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. इथे विचारावं तर निम्मे म्हणतात, 'असलं थोतांड उचलून फेका', आणि निम्मे म्हणतात, 'करू दे की, काय बिघडतंय?' बिघडतंय बरंच, आणि सगळंच फेकण्यासारखंही नाही.

धाकट्याने माईंना लाल मखमलीची पेटी आणून दिली आहे. 'फेंगशुई आरोग्य संच'. आत पितळी वू-लू (भोपळ्याच्या आकाराची कुपी), लाल दोऱ्यात ओवलेली पाच नाणी, सहा नळ्यांचा विंड चाइम, बागुआ आरसा (भोवती तीन-तीन रेघांची आठ चिन्हं असलेला), तांबड्या मण्यांचं ब्रेसलेट आणि पिवळ्या कागदाच्या ताईतांची चळत. सोबत छापील चिठ्ठी: रोज सकाळी एक कागद जाळायचा आणि राख कोमट पाण्यात कालवून उपाशीपोटी प्यायची. माईंची मूत्रपिंडं अधू, क्रिएटिनिन कुठे जाऊन पोचलंय ते तुला माहीत आहे. त्या म्हणतात, पौर्णिमेपासून सुरू करते.

राखेचं पाणी दुकानदाराच्या डोक्यातून निघालेलं असतं तर समजावणं सोपं होतं. पण ही प्रथा खरी आहे आणि फार जुनी आहे. इ.स. १४२ मध्ये चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरात झांग दाओलिंगने ज्या ताओ पंथाची सुरुवात केली असं मानतात त्या पंथात, आणि इ.स. १८४ मध्ये पिवळ्या पागोट्यांचं बंड उभारणाऱ्या झांग ज्याओच्या पंथातही, आजारी माणसाने आधी आपले अपराध कबूल करायचे आणि मग ताईताचं पाणी प्यायचं अशीच रीत होती. ताईत पुरोहिताने स्वतः कुंचल्याने काढायचा, पिवळ्या कागदावर, आणि लाल शाई हिंगुळाची. गोम इथेच आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. थंड असतो तोवर तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ज्योत लागली की गंधक जळतं आणि पारा वाफ होऊन सुटतो. ती वाफ कागद धरणाऱ्याच्या नाकासमोर, आणि उरलेलं राखेबरोबर पोटात. पाऱ्याचा मारा ज्या अवयवांवर होतो त्यात मूत्रपिंडं पहिल्या रांगेत. तांग घराण्यातले एकाहून अधिक सम्राट पारा-हिंगुळाच्या 'अमरत्वाच्या गोळ्या' खाऊन मेले, आणि त्यांना माल तर राज्यातला सर्वोत्तम मिळत होता.

धाकटा म्हणतो कागद छापील आहेत, त्यात हिंगूळ कुठला? मी भिंगाखाली धरून पाहिले. रेषेची कड ठिपक्यांच्या जाळीची आहे, म्हणजे छपाईच. हाताने काढलेल्या ताईतात रेघ सुरुवातीला जाड असते, वळणावर शाई साठते आणि शेवटी कुंचला सुकत जातो. पण छपाईच्या लाल आणि पिवळ्यात काय घातलंय हे पाकिटावर लिहिलेलं नाही, आणि स्वस्त लाल-पिवळ्या रंगांत शिशाचे क्षार असू शकतात. अधू मूत्रपिंडाच्या बाईने शिसं की पारा यात निवड करायची का?

आणि हे सगळं न जाळताही ताईत ताईतच राहतो, हे माईंना सांगणारं कुणीतरी पाहिजे. दाराच्या चौकटीवर डकवणं, किंवा घडी घालून कापडी पिशवीत अंगावर बाळगणं, ही त्याच परंपरेतली तितकीच मान्य रीत आहे. एक कागद पारदर्शक पाकिटात घालायचा, म्हणजे रंग हाताला लागत नाही, मग खणाच्या पिशवीत शिवून उशीखाली. पिशवी मी शिवून देईन. बाकीची चळत देवघराच्या फळीवर, समईपासून लांब.

ब्रेसलेटचे मणीही 'अस्सल हिंगूळ' म्हणून आले आहेत. खरा हिंगूळ फार जड असतो, पाण्याच्या आठपट, आणि इतका मऊ की तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठतो आणि लाल भुकटी निघते. हे मणी हलके आहेत आणि भोकाच्या कडेला साच्याची शिवण दिसते. राळेत रंग कालवून ओतलेले. तरीसुद्धा ते दिव्याजवळ ठेवू नयेत, गरम पाण्यात 'शुद्ध' करू नयेत, नवा दोरा ओवायला भोक मोठं करू नये. माईंनी त्यातलं गरम पाण्याचं ठरवूनच टाकलं होतं.

आता वू-लू. कुंदे, पेटीत एवढी एकच वस्तू अशी आहे जी बघून मला बरं वाटलं. दोन फुग्यांचा, मधे कंबर असलेला हा भोपळा म्हणजे चीनमधल्या वैद्याची खूण. ताओ पंथातल्या अष्टसिद्धांमधला लंगडा ली त्येग्वाय पाठीवर वाहतो तो हाच, आणि त्यात औषध असतं. हान घराण्याच्या इतिहासात फेइ चांगफांगची गोष्ट आहे: बाजारात एक म्हातारा भोपळा टांगून औषध विकायचा आणि बाजार उठला की त्या भोपळ्यातच उडी मारून नाहीसा व्हायचा. तेव्हापासून भोपळा टांगणं म्हणजे दवाखाना उघडणं. माईंना पटेल असं याहून काय सांगणार? ज्या चिन्हावर त्यांचा विश्वास बसलाय त्याच्या पोटात गोळ्याच आहेत. वू-लू पलंगाशेजारच्या टेबलावर आणि त्याच्या पायाशी गोळ्यांचा डबा, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे केलेला. जागा अगदी परंपरेतली.

दिशेचंही सांगते, कारण धाकटा कुठलासा जुना तक्ता घेऊन नैर्ऋत्य म्हणतोय. फेंगशुईच्या फिरत्या ताऱ्यांच्या गणितात आजाराचा तारा, म्हणजे 'दोन काळा', दरवर्षी घर बदलतो, आणि बदलतो तो चिनी नववर्षाला नाही तर लिचुनला, म्हणजे चिनी सौर पंचांगातल्या वसंतारंभाला, ४ फेब्रुवारीच्या सुमारास. २०२४ ला तो आग्नेयेत होता, २०२५ ला मध्यात, २०२६ ला वायव्येत. 'पाच पिवळा', जो सगळ्यात वाईट, तो २०२६ ला दक्षिणेत. दोन्ही पृथ्वीतत्त्वाचे. पृथ्वीतून धातू निघतो, म्हणून धातू ठेवला की पृथ्वीचा जोर उतरतो: वायव्येला पितळी वू-लू, दक्षिणेला धातूचा सहा नळ्यांचा चाइम. आणि अग्नी पृथ्वीला पोसतो, म्हणून त्या कोपऱ्यात लाल रंग आणि दिवा नको. माईंची झोपायची खोलीच वायव्येला आहे आणि तिथे रात्रभर लाल झिरोचा बल्ब जळतो! शास्त्र पाळायचं तर तो बल्ब पहिला काढायला हवा, आणि माईंना झोपही नीट लागेल.

वायव्य म्हणजे घराच्या मध्यापासून २९२.५ ते ३३७.५ अंश. धाकट्याने मोबाइल स्टीलच्या कपाटाला टेकवून दिशा काढली होती. लोखंडाजवळ सुई फिरते. इन्व्हर्टर, फ्रिज, खांबातल्या सळ्या, सगळे फिरवतात. तीन-चार ठिकाणी कंबरेच्या उंचीवर वाचायचं आणि जे आकडे जुळतात ते घ्यायचे. चाइमच्या नळ्या पोकळ असाव्यात, आणि पलंगावर तो अजिबात टांगू नये. वर्षाच्या शेवटी दोरा बदलावा, नाहीतर कुजून नळी डोक्यात पडते.

नाण्यांचं तुला आवडेल. पाच सम्राटांची नाणी म्हणजे छिंग घराण्यातले ओळीने पाच: शुन्झी (१६४४–१६६१), खांगशी (१६६२–१७२२), योंगझेंग (१७२३–१७३५), च्येनलोंग (१७३६–१७९५) आणि ज्याचिंग (१७९६–१८२०). ओवताना हाच क्रम, आणि चार अक्षरांची बाजू वर. मागच्या बाजूला मांचू लिपीत टांकसाळीचं नाव असतं. माईंच्या माळेतल्या एका नाण्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं आहेत आणि दोन नाणी चुंबकाला चिकटली. खरं नाणं ओतीव पितळेचं, २२ ते २८ मिलिमीटरचं, साधारण चार ग्रॅमच्या आसपास. चौकोनी भोकातून सळई घालून नाण्यांच्या चळतीची कड कानशीने घासत, त्यामुळे कडेवर बारीक समांतर ओरखडे दिसतात. नकलीवर हिरवा गंज रंगासारखा चढवलेला असतो, ॲसिटोनच्या बोळ्याने सुटतो. आणि खरी मिळाली तरी तांब्याच्या पैशासारखी पिण्याच्या पाण्यात टाकायची नाहीत, त्या पितळेत शिसं असतं. चिंच लावून घासायचीही नाहीत, जुना थर निघाला की नाण्याची रयाच जाते.

आरशावरून मात्र आपलं भांडण पुन्हा उकरून काढते. डोंबिवलीच्या जिन्यात तू तो लावलास तेव्हाही मी हेच म्हणत होते, आणि समोरच्या काकूंनी उत्तरादाखल त्यांचा आरसा लावल्यावर दोन्ही आरशांच्या मधून जायला दूधवाला कसा घाबरायचा ते आठव. आरसा घराबाहेरच, दाराच्या वर, आणि तोही समोर खरोखर काही टोकदार असेल तरच: दुसऱ्या इमारतीचा कोपरा, थेट अंगावर येणारा रस्ता, विजेचा खांब. दुसऱ्याच्या दारावर कधीच नाही. वरच्या बाजूला तीन अखंड रेघा याव्यात. चेहरा लहान दिसला तर बहिर्वक्र, म्हणजे परतवणारा. लांबून उलटा दिसला तर अंतर्वक्र, म्हणजे गिळणारा. माईंच्या समोर फक्त चिकूचं झाड आहे. तो आरसा पेटीतच राहू दे.

माईंचा या गोष्टींवर विश्वास का, हे धाकट्याला कळत नाही. त्याला माझगाव कुठे ठाऊक! नवाब टँकजवळचं ते १९१९ चं चिनी देऊळ, लाल भिंती, वरच्या मजल्यावरचे युद्धदेव ग्वान गोंग, नळकांड्यातून हलवून काढायच्या भविष्याच्या काड्या. माईंचं बालपण त्याच्या आसपास गेलं. त्यांच्या आईची कवळीसुद्धा चिनी दंतवैद्याने केलेली. म्हणून ही पेटी त्यांना परकी वाटत नाही, आणि म्हणूनच कुणी हसलं की त्या हट्टाला पेटतात.

तुझं काय? घर बदललंस ते कळलं, बाळाचे फोटो पाहिले, डोळे अगदी तुझ्या आईचे. जावयाच्या नोकरीचं झालं का? सविस्तर लिही.

आता कामाचं. रविवारी सकाळी माईंना फोन कर, धाकटा घरात नसताना. माझं त्या ऐकतील, पण तू सिंगापूरला राहतेस, तुझा शब्द या बाबतीत वरचढ. 'पेटी चुकीची आहे' असं म्हणू नकोस. म्हण की ताईत न पिता जवळ बाळगणंही परंपरेतच बसतं, आणि वू-लू ही औषधाची खूण, म्हणून त्याच्याशेजारी गोळ्या ठेवाव्यात. वॉटरलू स्ट्रीटवरच्या ग्वानयिनच्या, म्हणजे करुणेच्या देवीच्या, देवळात त्यांच्या नावाने उदबत्ती लाव, आणि शेजारच्या कृष्णाच्या देवळातही. दोन्हीकडे लावल्याचं आवर्जून सांग. पौर्णिमा जवळ आली आहे, तेव्हा टाळाटाळ नको.

आणि येताना एक खरा वाळलेला भोपळा आण, वीतभर उंचीचा. देठ शाबूत आणि तपकिरी असलेला घे. हिरवा असताना तोडलेला पुढे कंबरेपाशी सुरकुततो आणि आतून बुरसतो. नखाने टिचकी मारून बघ, आवाज कोरडा लाकडी यायला हवा, आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या पाहिजेत. वॉर्निश चढवलेला नको, खालची बुरशी त्याने झाकलेली असते. हा दुध्याचाच भाऊबंद, आपल्या तंबोऱ्याला लागतो त्याच जातीचा, म्हणून इथे पंढरपूरकडे सांगून पाहिलं, पण तिकडचे घागरीएवढे. पावसाळ्यात तो हवेशीर जागी टांगावा लागेल ते मी बघेन.

तुझीच,
मंदा

ता. क. बाळाला चांदीचं 'दीर्घायुष्याचं कुलूप' (कुलपाच्या आकाराचं लॉकेट) करायचं म्हणतेस ते जरूर कर, शंभराव्या दिवशी घालतात. चांदीचा शिक्का बघून घे, आणि खालचे घुंगरू ओढून बघ, सुटले तर बाळ गिळेल. साखळी झोपेत गळ्यात ठेवू नकोस. पाळण्याच्या दांडीला, हात पोचणार नाही इतकं वर बांध. चिनी पाचव्या महिन्यातल्या पंचमीला तिथे दाराला वेखंड लावतात आणि मुलांच्या मनगटाला पंचरंगी दोरा बांधतात, तेही कर. पण त्या दिवशी कुणी बाळाच्या कपाळाला मनशीळ लावायला आलं तर हात धर. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतं.